तब्येतपाणी : दुखतं पायात, मूळ कमरेत



गणपती झाले, नवरात्र झालं, आणि आमच्या मिशिगनमध्ये आता पहिल्या बर्फाची वाट बघायचे दिवस आले. मंडळाच्या कार्यक्रमांचा आणि माझ्या फोनचा जुना संबंध आहे. कार्यक्रम संपला की दोन-चार दिवसांत कोणाचा तरी फोन येतोच, "डॉक्टर, एक विचारायचं होतं, जेवत नाही ना?" यंदाचा फोन आमच्या एका माजी खजिनदारांचा होता. नाव लिहीत नाही, पण शाळेच्या हॉलमधून मखर, आठ फोल्डिंग टेबलं आणि उरलेली तांदळाची पोती ज्यांनी "राहू द्या, राहू द्या" म्हणत एकट्याने व्हॅनमध्ये चढवली, ते कोण हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

"कमरेचं काही नाही हो," ते म्हणाले. "कमरेत उसण भरली होती, ती दोन दिवसांत गेली. आता पाय धरलाय. कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून पार अंगठ्यापर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढतंय असं वाटतं. शिंक आली की डोळ्यांसमोर काजवे. गाडीत तर बसवतच नाही. पायाचा एक्सरे काढू का?"

पायाचा एक्सरे अगदी निर्दोष आला असता. कारण दुखत होतं पायात, पण बिघाड कमरेत होता. यालाच आपण सगळे सायटिका म्हणतो. गेल्या वर्षभरात या विषयावर लिहा असं सांगणारी बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं 'तब्येतपाणी' त्यावर.

पहिली गोष्ट म्हणजे सायटिका हे रोगाचं नाव नाही, लक्षणाचं आहे. ताप आला म्हटल्यावर जसं "कशाने?" हा प्रश्न उरतोच, तसंच इथेही. दुखणं मात्र फार जुनं आहे. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत 'गृध्रसी' मोजली आहे. गृध्र म्हणजे गिधाड, आणि हा रोगी गिधाडासारखा एक पाय ओढत चालतो म्हणून हे नाव, असं वैद्य सांगतात. युरोपात नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या डॉक्टरने १७६४ साली हे दुखणं सांध्याचं नसून नसेचं आहे असं मांडलं. आणि मणक्यांमधली चकती फाटून नसेवर येते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या जोडीने छापलं ते १९३४ साली. म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणी जगातल्या बहुतेक डॉक्टरांना याचं नेमकं कारण माहीतच नव्हतं.

आता ही नस कुठे असते ते बघू. कमरेचे पाच मणके, त्याखाली माकडहाडाकडे जाणारं त्रिकास्थी. यांच्या फटींतून दोन्ही बाजूंना नसांची मुळं बाहेर पडतात. त्यातली खालची पाच मुळं (एल-४ पासून एस-३ पर्यंत) एकत्र येऊन जी नस होते ती सायटिक नस. शरीरातली सगळ्यात जाड नस हीच, जवळजवळ बोटाएवढी. कुल्ल्यातून मांडीच्या मागून ती खाली उतरते, गुडघ्यामागे फुटते आणि पावलापर्यंत जाते. वर मुळाशी चिमटा बसला की मेंदूला वाटतं पायच दुखतोय. दारातली बेलची वायर मध्येच कुठे घासली तरी वाजते ती घरातलीच घंटा, तसं.

दोन मणक्यांमध्ये जी चकती असते तिला आपल्याकडे 'गादी' म्हणतात. या शब्दाने फार गैरसमज केले आहेत. गादी म्हटलं की ती सरकते, आणि सरकली म्हणजे कोणीतरी दाबून परत जागेवर बसवू शकतो, असं वाटतं. चकती कुठेही सरकत नाही. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. तिची रचना करंजीसारखी समजा. बाहेर चिवट पारी, आत मऊ सारण. वय, अनुवंश, वजन, सिगरेट, वर्षानुवर्षांचं वाकणं-उचलणं, यांनी पारी कडेला विरत जाते आणि एखाद्या दिवशी उकलते. सारण बाहेर येतं आणि शेजारच्या नसेच्या मुळाशी लागतं. नुसता दाबच पडतो असं नाही, त्या सारणातल्या रसायनांनी नस सुजते, चिडते. म्हणून एवढ्याशा तुकड्याने एवढा मोठा माणूस आडवा होतो. तांदळाचं पोतं हे निमित्त असतं. पारी आधीपासूनच विरलेली असते.

आणि 'गॅप'! पुण्याच्या मेव्हण्यांनी आमच्या खजिनदारांना फोनवरच "मणक्यात गॅप असणार" असं सांगून टाकलं होतं. हा शब्द महाराष्ट्रात इतका रुजलाय की मी त्याच्यापुढे हात टेकले आहेत. वस्तुस्थिती उलटी असते. चकती झिजली की दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं, वाढत नाही. पण "गॅप आलाय" म्हटलं की माणसाला आपला कणा मधून उघडा पडल्यासारखं वाटतं, तो पलंगाला खिळतो आणि सहा महिने पट्टा बांधून फिरतो.

कोणतं मूळ चिडलंय हे बऱ्याचदा दुखण्याच्या वाटेवरून कळतं. पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे येत असेल तर बहुधा एल-५. अशा वेळी अंगठा वर उचलण्याची ताकद आणि टाचांवर चालणं बघायचं. पोटरीच्या मागून तळव्याकडे, करंगळीकडे जात असेल तर एस-१, तिथे चवड्यांवर उभं राहता येतं का ते बघायचं. चकतीचा बहुतेक सगळा उपद्रव खालच्या दोन जागी, एल-४-५ आणि एल-५-एस-१ इथेच असतो, म्हणून हे दोन रस्ते लक्षात ठेवले तरी पुरे. उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलला आणि तीस ते सत्तर अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली कळ गेली, तर शंका आणखी बळकट होते. खजिनदारांचा पाय चाळीसच्या आतच "बास, बास!" म्हणाला.

साठीनंतरची एक वेगळी तऱ्हा असते. तिथे मणक्यातली जागाच आक्रसते. अशी माणसं पाच मिनिटं चालली की पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं, आणि ग्रोसरीच्या दुकानात कार्टवर वाकून मात्र तासभर हिंडतात. हे आठवून डॉक्टरांना सांगा, निदान अर्धं तिथेच होतं. शिवाय खुब्याचा सांधा, पायाच्या रक्तवाहिन्या, मधुमेहाने तळव्यांची होणारी आग, नागीण, हेही सायटिकाचं सोंग घेतात. आणि मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढून ठेवा. क्रेडिट कार्डांवर बसून रोज दोन तास गाडी चालवली तर कुल्ल्यातली नस तक्रार करणारच.

"मग एमआरआय?" हा पुढचा प्रश्न. पहिल्या दिवशी नको. विमा कंपन्या साधारण सहा आठवडे उपचार करून बघा म्हणतात तो केवळ कंजूसपणा नाही. २०१५ साली एका गटाने ज्यांना कसलाही त्रास नाही अशा तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. विशीतल्या तीस टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, ऐंशीतल्या चौऱ्याऐंशी टक्क्यांच्या. यातल्या कोणाचंच काही दुखत नव्हतं! म्हणजे चाळिशीतल्या कोणालाही मशीनमध्ये घातलं तर काहीतरी सापडणारच, आणि ते कागदावर इंग्रजीत वाचलं की माणूस घाबरणारच. फोटो आणि पाय यांची गोष्ट जुळली तरच फोटोला अर्थ. ऑपरेशन किंवा इंजेक्शनचा विचार असेल, किंवा पुढे सांगते ती धोक्याची लक्षणं असतील, तेव्हा एमआरआय लगेच हवाच.

आता आनंदाची बातमी. हे दुखणं बहुतेकांचं आपोआप ओसरतं. हॉलंडमध्ये १९९९ साली १८३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना दोन आठवडे पलंगावर झोपवलं, अर्ध्यांना "जमेल तसं हिंडा" सांगितलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सत्त्याऐंशी टक्के लोक सुधारले होते. झोपून काही जास्त मिळालं नाही. आणखी गंमत म्हणजे जितका तुकडा मोठा आणि सुटा, तितका तो विरघळण्याची शक्यता जास्त. शरीरातल्या पेशी त्याला परका समजून खाऊन टाकतात. २०१५ सालच्या एका आढाव्यात पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा आक्रसले, नुसती फुगलेली चकती मात्र १३ टक्केच.

इथे मला पायाळूची आठवण होते. खजिनदारांच्या मावससासूबाईंनी साताऱ्याहून कळवलं होतं की, एखादा पायाळू माणूस शोधा आणि त्याला कमरेला पाय लावायला सांगा. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याच्या लाथेने उसण जाते ही आपल्याकडची जुनी समजूत, माझ्या आजोळी तर एका काकांना त्यासाठी चहाला बोलावत. उसण जायची, आणि काकांची कीर्ती वाढायची. अहो, जी चार दिवसांत जाणारच आहे तिला तिसऱ्या दिवशी कोणीही पाय लावला तरी चौथ्या दिवशी ती जाते. (इथे पायाळू बाळं बहुधा सिझेरियननेच जन्माला येतात, त्यामुळे पुढच्या पिढीत हा इलाज बंदच पडणार.) हाच हिशेब महागड्या लेसरला, ताणाच्या यंत्राला आणि इंटरनेटवरच्या चमत्कारिक तेलांनाही लावा. तेल चोळून घेण्याला माझी हरकत नाही. शेकाने, मालिशने, कटिबस्तीने स्नायू सैल होतात, बरं वाटतं, आणि बरं वाटणं काही कमी महत्त्वाचं नाही. पोटात घ्यायच्या भस्मांबद्दल मात्र सावध राहा. बोस्टनमधल्या देशी दुकानांतली सत्तर आयुर्वेदिक औषधं २००४ साली तपासली तेव्हा चौदांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

मग करायचं काय? पहिले दोन-तीन दिवस जी स्थिती सोसेल तिच्यात पडून राहा, पण दर तासाला उठा. उताणं झोपून पोटऱ्यांखाली उशा घ्या, किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. खोल सोफ्यात रुतून बसू नका. पुढे वाकून बसलं की चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून लांबचं ड्रायव्हिंग, कॉम्प्युटर आणि जमिनीवर मांडी घालून बसणं तूर्त बंद. पूजेला स्टूलवर बसलात तर देव रागावणार नाही. त्यानंतर चालणं. सुरुवातीला घरातल्या घरात पाच मिनिटं, मग मॉलमध्ये, रोज थोडं वाढवत.

व्यायामाबद्दल एक खूण सांगते, ती फार उपयोगी आहे. पालथं झोपा, मग हळूच कोपरांवर छाती उचला, भुजंगासनाची पहिली पायरी म्हणा. दोन मिनिटं थांबा आणि दुखणं कुठे जातंय ते बघा. पोटरीतलं दुखणं वर मांडीत, कुल्ल्यात, कमरेत येत असेल तर कमर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे, हा व्यायाम तुमचा. उलट दुखणं आणखी खाली पावलाकडे उतरलं तर लगेच थांबा. मणक्यातली जागा आक्रसलेल्यांना बहुधा याच्या उलटं, पुढे वाकल्याने बरं वाटतं. म्हणून शेजाऱ्याचा व्यायाम आपल्याला चालेलच असं नाही, फिजिकल थेरपिस्टकडे दोन-चार वेळा जाऊन आपला कोणता ते ठरवून घ्यावं. सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन दुखणं ताजं असताना नको. "योगाने सगळं बरं होतं" म्हणून कळा सोसत पायाचे अंगठे धरणारे दोन जण मी गेल्या वर्षी पाहिले.

गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांनी थोडा फरक पडतो, पण मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्या मंडळींत हे आजार किती आहेत ते कार्यक्रमातल्या 'बिनसाखरेच्या' चहाच्या रांगेवरून कळतंच. नसेच्या दुखण्यावर म्हणून प्रेगाबालिन, गाबापेंटिन सर्रास दिली जातात. ऑस्ट्रेलियात २०१७ साली २०९ सायटिकाच्या रुग्णांवर प्रेगाबालिन तपासली, तेव्हा ती साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनात आता सायटिकासाठी ही औषधं देऊ नका असंच म्हटलं आहे. पाठीतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे आराम देतं, तेवढ्यात नस शांत होते. त्याने मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते, आणि क्वचित गंभीर अपायही होतात, म्हणून ते विचार करून घ्यायचं. आमच्या खजिनदारांना यातलं फारसं काही लागलं नाही. सातव्या आठवड्यात ते मंडळाच्या मीटिंगला आले, उभ्यानेच बसले (म्हणजे भिंतीला टेकून उभे राहिले) आणि हिशेबावर पूर्वीसारखेच भांडले.

इथपर्यंत सगळं ठीक. पण हा लेख मी खरं तर त्यांच्यासाठी लिहायला घेतलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका बारशाला गेले होते. बाळाच्या आजी, साठीच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या. पहाटे उठून डिंकाचे लाडू, दुपारी लेकीचं तेल-मालिश, आणि रोज बाथरूमच्या फरशीवर पाटावर बसून, पाय पुढे पसरून, पायांवर बाळाला घेऊन अंघोळ. तुम्ही हे दृश्य आठवून बघा. पाय सरळ, कंबर पुढे वाकलेली, हातात निसरडं बाळ, आणि वीस-पंचवीस मिनिटं तसंच. चकतीला याहून वाईट बैठक मुद्दाम शोधून सापडणार नाही. आपल्या आज्यांनी जन्मभर हेच केलं हे खरं, पण तेव्हा त्या पस्तिशी-चाळिशीच्या होत्या.

पंगतीत वाढता वाढता त्या मला म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर ना? माझा हा पाय फार ठणकतो हो." मी हातात ताट घेऊन उभी होते. मी म्हटलं, "सायटिका असेल आजी. घाबरू नका, होईल बरं. चालत राहा. अंघोळीचं तेवढं दुसऱ्या कोणाला सांगा." वर तुम्हाला जे सगळं सांगितलं तेच थोडक्यात. चुकीचं त्यात काही नव्हतं. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला.

बारा दिवसांनी रात्री त्यांच्या लेकीचा फोन आला. आईच्या आता दोन्ही पायांत मुंग्या आहेत, चालताना तोल जातोय, पेनकिलर कोणती देऊ? मी विचारलं, "लघवीचं काय?" ती म्हणाली, "तिने तर काही सांगितलं नाही." मी म्हटलं, "आत्ता विचारून ये, मी फोन धरते." मागून बराच वेळ कुजबुज ऐकू आली. परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. कालपासून लघवी झाल्याचं आईला कळतच नव्हतं. खुर्चीवर बसलं की खाली काही आहे असं वाटत नव्हतं. त्या दुपट्याचे तुकडे घेत होत्या आणि लपवून धूत होत्या.

याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, त्याखाली नसांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो, त्याचं हे लॅटिन नाव. चकतीचा मोठा तुकडा बरोबर मधोमध आला तर पायांच्या नसांबरोबर लघवी, शौच आणि तिथल्या संवेदनेच्या नसाही चिमटतात. हे फार क्वचित होतं. पण झालं तर तिथे आठवड्यांचा नाही, तासांचा हिशेब असतो. साधारण पहिल्या ४८ तासांत दाब काढला तर नसा सावरण्याची आशा बरी असते, आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

त्या रात्रीच त्यांना इमर्जन्सीत नेलं, एमआरआय झाला, पहाटे ऑपरेशन झालं. पाय सुधारले. त्या आता सांगलीत चालतात, देवळात जातात. लघवीवरचा ताबा पूर्णपणे परत आला नाही. दिवसातून चार वेळा नळी घालावी लागते, ती त्या स्वतः घालतात. या उन्हाळ्यात फोनवर त्यांनीच मला म्हटलं, "तुम्ही तिकडच्या मासिकात लिहिता ना, मग हेही लिहा. नाव तेवढं नको."

मी त्यांना विचारलं होतं, का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "जावईबापूंच्या घरात असलं काय बोलायचं? आणि तुमच्याकडे दवाखान्यात पाय ठेवला की घर विकावं लागतं म्हणतात." लाज आणि खर्च ही दोन कारणं. त्यात माझी घाई मिळाली हे तिसरं. बारशाच्या दिवशी मी विचारलं असतं तर "नाही" असंच उत्तर आलं असतं, कारण तेव्हा लघवीचं काही नव्हतंच. पण काय झालं तर लगेच सांगायचं एवढं तरी त्यांना कळलं असतं.

म्हणून आता मी सायटिकाच्या प्रत्येकाला, ताट हातात असलं तरी, हे विचारते. लघवी आल्याचं आणि झाल्याचं कळतं का? अडते का, किंवा नकळत होते का? शौचावर ताबा आहे ना? पुसताना तिथे स्पर्श कळतो का? दोन्ही पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आलाय का? पुरुषांना आणखी एक, जे ते विचारल्याशिवाय कधीच सांगत नाहीत. यातल्या कशाचंही उत्तर अलीकडे बदललं असेल तर सकाळची वाट बघायची नाही. तुमच्याकडे आई-वडील, सासू-सासरे आले असतील तर हे प्रश्न तुम्ही मराठीत, स्वयंपाकघरात, एकटं गाठून विचारा. मुलग्यांनीसुद्धा. आईला संकोच वाटेल, तुम्हालाही वाटेल. वाटू दे. डॉक्टरांसमोर मुलगा दुभाषा म्हणून बसला की आई "सगळं ठीक आहे" म्हणते, तेव्हा हॉस्पिटलकडून फोनवरचा दुभाषा मागा आणि तुम्ही बाहेर थांबा.

पाऊल अचानक लोंबायला लागलं, चालताना बोटं फरशीला घासायला लागली, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, ठिसूळ हाडं असताना झालेली पडझड, हीही थांबण्याची लक्षणं नव्हेत. भारतातून आलेल्या माणसाच्या पाठदुखीत मणक्याचा टीबी इथल्या तरुण डॉक्टरांच्या पटकन डोक्यात येत नाही. तेव्हा घरात कोणाला टीबी झाला असेल तर आपणहून सांगा.

खर्चाचं. १९८६ पासून या देशात कायदा आहे की, मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत कोणीही आलं, विमा असो वा नसो, व्हिसा कुठलाही असो, तर त्याला तपासावंच लागतं आणि जीव किंवा अवयव धोक्यात असेल तर स्थिर करावंच लागतं. बिल येतं, आणि मोठं येतं, हे खोटं नाही. पण नफा न कमावणाऱ्या हॉस्पिटलांना २०१० च्या कायद्याने आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं. तो अर्ज मागून घ्या. आजींच्या लेकीने मागितला, बिल बरंच खाली आलं. आणि आई-वडिलांचा प्रवासी विमा घेताना जुन्या आजारांबद्दलचं बारीक अक्षर तिकीट काढायच्या आधी वाचा.

ऑपरेशनबद्दल दोन शब्द, कारण "पाठीचं ऑपरेशन केलं की माणूस कायमचा अधू होतो" हे आपल्याकडे घट्ट बसलंय. आताचं मायक्रोडिसेक्टमी म्हणजे छोट्याशा छेदातून नसेवर आलेला तुकडा काढणं, बरेच लोक त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जातात. हॉलंडमध्ये २००७ साली २८३ रुग्णांत लवकर ऑपरेशन आणि थांबून बघणं यांची तुलना झाली. ऑपरेशनवाल्यांना सुमारे चार आठवड्यांत बरं वाटलं, थांबलेल्यांना बारा. वर्षअखेरीस दोघेही सारखेच, ९५ टक्के बरे. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांनी मात्र मध्येच कंटाळून ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे दुखणं सोसवत असेल, ताकद जात नसेल, तर थांबा. सहा ते बारा आठवड्यांत काहीच उतार नसेल तर सर्जनला भेटायला घाबरू नका. चार महिने ते वर्षभर रेंगाळलेल्या सायटिकात ऑपरेशन जास्त गुणकारी ठरतं असं कॅनडातल्या २०२० सालच्या प्रयोगात दिसलं. ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं, जुन्या कंबरदुखीसाठी नव्हे, एवढं आधी समजून घ्या.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी आइलची सीट घ्यावी, तासा-दीड तासाने उठावं, आणि पन्नास पौंडांची बॅग पट्ट्यावरून स्वतः ओढू नये. पोर्टरला दिलेले पैसे वाया जात नाहीत. बर्फ उचलू नका, ढकला. आणि बाळाची अंघोळ सिंकजवळच्या ओट्यावर, छोट्या टबात, आजी उभ्या राहून घालू शकतात. आजींना आधी ते पटणार नाही. "टबात कुठे अंग चोळून होतं?" म्हणतील. पहिले दोन दिवस जावयाने घालावी, मग त्याची तारांबळ बघून त्या आपणहून टब हातात घेतील.

पुढच्या अंकात गुडघे. प्रश्न संपादकांकडे पाठवा, आणि कृपया एक्सरेचे फोटो पाठवू नका, ते मासिकाच्या पत्त्यावर येतात आणि संपादकांच्या घरातली मुलं ते खिडकीला लावून बघतात.